न गाठलेली घरं

“आणखी एक,” रेश्मा म्हणाली आणि तिनं अक्काताईंच्या दातांमध्ये नववी काडी सरकवली.

आइसक्रीमला असतात तसल्या चपट्या लाकडी काड्या. एकावर एक ठेवून त्यांची चळत दातांत धरायची, पाच मिनिटं तशीच ठेवायची, पंधरवडा गेला की एक काडी वाढवायची. अक्काताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या रडत नव्हत्या. दुखणं एवढं होतं की पाणी आपोआप येत होतं. त्यांची सोळा-सतरा वर्षांची मुलगी मंगल शेजारी उभी राहून ओढणीनं त्यांचे गाल टिपत होती.

“बघा, जमलं की नाही?” रेश्मानं काड्या काढून घेतल्या. “घरी रोज पाच वेळा करायचं. दुखणार. दुखलं म्हणून सोडायचं नाही. सोडलंत तर जबडा आखडतो, मग तोंड उघडणारच नाही.”

अक्काताईंनी कंबरेला खोचलेली छोटी बाटली काढून पाण्याचा घोट घेतला. रेडिएशनचा शेक दिलेल्या सगळ्या पेशंटच्या हातात तेव्हा अशी बाटली असायची. लाळ सुटणं बंद झालेलं असायचं. मग त्यांनी अडखळत, अर्ध्या उघड्या तोंडानं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मंगलनं सांगितलं, “आई म्हनती, लईच दुकाय लागलं तर काय करायचं?”

“तर यांना सांगायचं,” रेश्मानं माझ्याकडे बोट केलं. “या मॅडम मे महिन्यात तुमच्या घरी येणार आहेत.”

ही फेब्रुवारी दोन हजार आठची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. समाजकार्याची पदवी घेऊन एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये लागले होते. हॉस्पिटलचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांची काही चूक नव्हती. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे चौसष्ट पेशंट, शेक संपल्यावर त्यांचं जगणं कसं चाललंय याचा अभ्यास डॉक्टर कुंभोजे करत होते. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे आणि फॉर्म भरायचा. माझं काम एवढंच.

पहिल्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले होते, “गाठ गेली की आपण पेशंटला बरा म्हणतो आणि घरी पाठवतो. तो जेवतोय का, त्याला झोप येते का, तो चार माणसांत बसतोय का, हे कुणी विचारत नाही. तू विचारायचंस. आणि तो सांगेल तेच लिहायचंस, आपल्याला बरं वाटेल ते नाही.”

अक्काताई सरगर शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. आटपाडीच्या पुढे कोळेकरवस्ती म्हणून वस्ती आहे, तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. नवरा गलाईच्या धंद्यात, तिकडे तमिळनाडूत कुणाच्या तरी दुकानात सोनं गाळायला. वर्षातून एकदा यायचा. लहानपणापासून मिश्री लावायची सवय. गालाच्या आतल्या बाजूला फोड आला, तो बरा होईना, तेव्हा शाळेच्या हेडमास्तरांनीच त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. ऑपरेशन झालं, पुढचे दात काढले नाहीत पण दाढा काढल्या, आणि मग तेहतीस वेळा शेक. गळ्याची कातडी जळून काळी पडली होती.

रेश्मा आमची फिजिओथेरपिस्ट. त्या दिवशी तिचा काड्यांचा व्यायाम झाल्यावर मी माझे प्रश्न विचारायला घेतले. बोलायला त्रास होतो म्हणून अक्काताई बोटांनी उत्तरं द्यायच्या. एक बोट म्हणजे अजिबात त्रास नाही, चार म्हणजे खूप.

“घन पदार्थ गिळायला त्रास होतो का?” चार.

“तोंड कोरडं पडतं का?” चार.

“चव कळते का?” यावर त्यांनी मंगलकडे बघितलं. मंगल म्हणाली, “माती खाल्ल्यागत लागतंय म्हनती. शाळंतल्या खिचडीत मीठ किती ते हिला आता कळत न्हाई. मी जाऊन चाखून सांगती.”

“तोंड उघडायला त्रास?” चार. आणि चारही बोटं त्यांनी जरा वरच धरली, मला नीट दिसावीत म्हणून.

निघताना त्यांनी माझा हात धरला. या वेळी शब्द नीट उमटावेत म्हणून सावकाश बोलल्या. “तुमी येनार नव्हं?”

“तुम्हाला इथं यायला नाही जमलं तर मीच येईन. आधी कार्ड पाठवू आम्ही.”

“या,” त्या म्हणाल्या. “मी हाय घरीच.”

मे महिन्यात चौसष्टांपैकी एकोणीस पेशंट हॉस्पिटलला आले नाहीत. साहजिकच होतं. ऊन, लग्नसराई, बदलाव्या लागणाऱ्या तीन-तीन एसट्या. एकोणिसांनाही छापील कार्डं गेली होती : आपण येऊ न शकल्यास आमचे कर्मचारी या महिन्यात आपल्या घरी येतील. ती कार्डं मीच पोस्टात टाकली होती.

पहिल्या आठवड्यात मी आठ घरं केली. त्यातलं एक घर एका सनई वाजवणाऱ्या माणसाचं होतं. मी बसले असताना त्यांच्या बायकोनं दोघांना चहा आणला. त्यांनी कप तोंडाला लावला आणि चहा ओठांच्या कडेनं ओघळून सदऱ्यावर सांडला. ते उठले, कप घेऊन आत गेले आणि पुन्हा बाहेर आलेच नाहीत. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं बायकोनं दाराशी उभं राहून दिली.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या घरानंतर माझी हिंमत खचली. हे खरं नाही. मला वाईट वाटलं होतं, पण संध्याकाळी मी खोलीवर परत येऊन व्यवस्थित जेवले होते. खरं कारण असं की जूनमध्ये माझी सरकारी नोकरीची परीक्षा होती. पुस्तकं नुसती पडून होती. उन्हात एसटीची वाट बघून माझं डोकं उठायचं. दुसऱ्या सोमवारी सकाळी मी आटपाडीला जायला म्हणून स्टँडवर गेले. गाडी गच्च भरून आली आणि मी चढले नाही. पुढची गाडी दीड तासानं होती. मी खोलीवर परतले आणि पंखा लावून अभ्यासाला बसले. उद्या जाऊ म्हटलं. मंगळवारीही तेच झालं.

गुरुवारी मी राहिलेले अकरा फॉर्म घेऊन टेबलाशी बसले. शेजारी त्याच पेशंटचे तीन महिन्यांपूर्वीचे फॉर्म ठेवले. सहा महिन्यांत माणूस थोडा तरी सुधारणारच, असा मी विचार केला. जिथं चार होते तिथं तीन किंवा दोन लिहिले. जिथं तीन होते तिथं दोन. सगळेच सारखे दिसू नयेत म्हणून मध्येमध्ये एखादा आकडा तसाच ठेवला. वेगवेगळ्या तारखा घातल्या. दोन पेनं वापरली. अकराही फॉर्म व्हायला पुरता तासही लागला नाही.

परीक्षेत मी नापास झाले, हेही सांगून टाकते.

ऑगस्टमध्ये डॉक्टर कुंभोज्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ट्रस्टच्या बैठकीतून ते नुकतेच आले होते. टेबलावर पेढे होते.

“घे,” ते म्हणाले. “पुण्याच्या परिषदेत मी आपला अभ्यास वाचला. सगळ्यांनी एकच गोष्ट विचारली, की सहा महिन्यांनी चौसष्टच्या चौसष्ट पेशंट तुम्ही गाठलेत कसे? कुणालाच जमत नाही हे. मी सांगितलं, आमची एक मुलगी आहे, ती खेडोपाडी फिरली.”

मी पेढा घेतला.

“एक गोष्ट मात्र वाईट झाली,” ते म्हणाले. “रेश्माच्या नोकरीची मुदत या महिन्यात संपते. वाढवून घ्यायचा माझा प्रयत्न होता. पण ट्रस्टी म्हणाले, तुमचेच आकडे सांगतात की गिळणं, तोंड उघडणं सहा महिन्यांत बरंचसं सुधारतं. मग कायमचं माणूस कशाला? मला मान्य करावं लागलं. आकडे माझेच होते.”

त्या क्षणी सांगता आलं असतं. त्यांच्यासमोर, पेढा हातात असताना. मी म्हणाले, “सर, येऊ मी?”

रेश्मा मुल्ला माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. सांगलीची. हॉस्पिटलमध्ये मला जवळची म्हणावी अशी तीच. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती खोली आवरत होती. आरसा, जबड्याचा प्लास्टरचा नमुना, रबरबँड लावलेले काड्यांचे गठ्ठे. मी मदतीला गेले, म्हणजे नुसतीच उभी राहिले.

“एक विचारू?” ती पाठमोरीच म्हणाली. “अक्काताईंचा मे महिन्याचा फॉर्म मी काल बघितला. तोंड उघडायला त्रास, दोन लिहिलंय. फेब्रुवारीत चार होता. मला पटेना. इतकं सुटतं सहसा?”



ती वळली. तिच्या चेहऱ्यावर संशय अजिबात नव्हता, हे मला आजही स्पष्ट आठवतं. ती खरोखरच जाणून घ्यायला विचारत होती. “तू स्वतः बघितलंस ना त्यांना? तोंड उघडायला लावलंस?”

“हो.”

“दातांमध्ये बोटं किती जात होती?”

“दोन,” मी म्हणाले. आणि कशासाठी कोण जाणे, पुढे म्हणाले, “दोनाहून थोडं जास्तच.”

रेश्माचा चेहरा एकदम उजळला. हातातला गठ्ठा ठेवून तिनं मला मिठीच मारली. “म्हणजे बाईनं रोज केलं बघ! मी मंगलला सांगितलंच होतं, आईला सोडू नको म्हणून. जाऊ दे गं, नोकरी गेली तर गेली. एक तरी तोंड उघडलं.”

मी तिच्या बॅगा रिक्षापर्यंत पोचवल्या.

नोव्हेंबरात वर्षाची तपासणी आली. अक्काताई या वेळीही आल्या नाहीत. यादी बघून डॉक्टरांनी मला हाक मारली आणि मी दुसऱ्याच दिवशी निघाले. थंडी पडायला लागली होती, एसटीत जागा होती, आणि मी मनातल्या मनात त्यांना दोन बोटं तोंड उघडायला लावत होते. दोन नसली तरी दीड. दीड असतील तर मी सुटले, असं काहीतरी मी वस्तीच्या फाट्यापर्यंत घोकत होते.

फाट्यावरून दोन किलोमीटर चालत गेले. घरापुढे मंगल धुणं वाळत घालत होती. तिनं मला लांबूनच ओळखलं.

“आई!” ती ओरडली. “आई, मॅडम आल्या! मी म्हनलं नव्हतं?”

अक्काताई दारात आल्या. मी त्यांना ओळखलं ते फक्त लुगड्यामुळे आणि गळ्यावरच्या काळ्या डागामुळे. गाल आत गेले होते. खांद्याची हाडं पोलक्यातून वर आली होती. हॉस्पिटलात त्यांचं वजन एक्कावन्न किलो होतं. नंतर आम्ही केलं तेव्हा ते सदतीस भरलं. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्यांना हसू येत होतं, पण ओठ हलले तेवढेच, दात बंद होते.

मला त्यांनी घोंगड्यावर बसवलं. मंगल पाणी घेऊन आली. मी पिशवीतून फॉर्म काढला आणि तो हातात धरून म्हणाले, “अक्काताई, आधी जरा तोंड उघडा बघू.”

त्यांनी मंगलकडे बघितलं.

“हाय हे एवढंच, मॅडम,” मंगल म्हणाली.

“म्हणजे?”

“उघडलंय तिनं.”

वरचे आणि खालचे दात यांच्यात माझं नखही नीट गेलं नसतं.

त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. मंगलनं ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील वस्त्रगाळ करून वाटीत आणली. अक्काताई माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या. एका बोटानं त्यांनी गाल बाहेर ओढला आणि दाढा काढलेल्या जागेतून चमच्या चमच्यानं आंबील आत सोडायला लागल्या. अर्धी बाहेर यायची, मांडीवरच्या फडक्यात. मध्येच ठसका लागला की मान खाली घालून थांबायच्या. एक वाटी संपायला पाऊण तास लागला. मी घड्याळ बघितलं नव्हतं. मंगलनंच सांगितलं, रोज पाऊण तास लागतो म्हणून.

“शाळा?” मी हळूच विचारलं.

“ती जूनलाच सुटली. हेडमास्तर चांगलं हायत, पन पोरांच्या आया म्हनल्या, स्वयपाकाजवळ तोंडाला फडकं लावून बसती, ते बरं दिसत न्हाई. हेडमास्तर म्हनलं, बरी झाली की ये. आता दुसरी बाई हाय तिथं.”

मी विचारायला नको होतं, किंवा विचारायलाच हवं होतं, मला कळत नाही. मी म्हणाले, “आणि काड्यांचा व्यायाम?”

मंगल आत गेली आणि काड्यांचा गठ्ठा घेऊन आली. फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेला. “चौदापतूर गेली हुती. बारा, मग तेरा, मग चौदा. येक दिवसबी चुकली न्हाई. मग मे म्हैन्यात मधनंच कानापतूर कळ यायला लागली, रगत आलं दोनदा. आई घाबरली. काडीनं आत काय फुटलं बिटलं तर? तवर तुमचं कार्ड आलं. आई म्हनली, त्या ह्या म्हैन्यात येनारच हायत, त्यास्नी दावू आनि मग करू. रेश्माबाईनं सांगितलंच हुतं, लईच दुकलं तर ह्यास्नी इचारा म्हनून. तवर काड्या ठेवून देऊ.”

“मग?” मी विचारलं.

“मग तुमी आला न्हाईसा.”

तिनं हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. आधी हे झालं, मग ते झालं, तसं सांगत होती.

“मी म्हनत हुते, आपनच जाऊ दवाखान्यात. आई म्हनायची, आपन तिकडं गेलो आनि त्या इकडं आल्या तर? सगळा मे म्हैना ती घर सोडून कुटं गेली न्हाई. भावाच्या पोरीचं लगीन हुतं झरे गावात, तिथंबी गेली न्हाई. जूनमदी पुन्ना काडी घालाय गेली तर चार बी जाईनात. तवर शाळाबी सुटली, गाडीभाड्याला पैसं न्हवतं, मग राहूनच गेलं.”

मी अक्काताईंकडे बघितलं. त्या फडकं घडी करत होत्या. “अक्काताई,” मी म्हणाले, “मे महिन्यात मी यायला पाहिजे होतं. मी...”

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बंद दातांमधून, एकेक शब्द सोडत म्हणाल्या, “तुमाला... का... येकच गाव हाय?” आणि मंगलला खूण केली. मंगल म्हणाली, “आई म्हनती, चा घ्या. लांबनं आलाईसा.”

मी चहा घेतला. सांगायचं होतं ते सांगितलं नाही. फॉर्म पिशवीत परत ठेवला आणि म्हणाले, “कपडे भरा. आत्ताच माझ्याबरोबर चला.”

दुपारच्या गाडीनं आम्ही तिघी निघालो. अक्काताईंनी गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, “मे महिन्यात दोन होतं ना गं? सहा महिन्यांत असं कसं आखडलं? ताबडतोब बघायला हवं, गाठ परत आली असेल.”

गाठ परत आलेली नव्हती. ती शोधायला त्यांनी अक्काताईंना पुन्हा सुया टोचल्या असत्या, म्हणून मी बोलले. नाहीतर तेव्हाही बोलले असते की नाही, मला खात्री नाही.

“सर, मी मे महिन्यात गेले नव्हते.”

“कुठं?”

“यांच्याकडे. फॉर्म खोलीवर बसून भरला.”

त्यांनी मला केबिनमध्ये नेऊन दार लावलं. “हा एकच?”

“अकरा.”

ते खुर्चीत बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडतील, बाहेर काढतील, असं मला वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, “त्या अकरा जणांकडे जा. आत्ता जा. कोण कसं आहे ते बघून ये. त्यानंतर राजीनामा दे.”

मी पंधरा दिवसांत राहिलेली दहा घरं केली. तिघं वारले होते. तुकाराम ऐवळे नावाचे एक गृहस्थ नऊ मे रोजी गेले होते. त्यांच्या मुलानं तारीख सांगितली. माझ्या फॉर्मवर सोळा मे होती, आणि भूक पूर्वीपेक्षा बरी, असं मी लिहिलेलं होतं.

डॉक्टरांनी पुण्याला पत्र पाठवून आपला अभ्यास मागं घेतला. ट्रस्टच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले की आकडे चुकीचे आहेत, माझ्या देखरेखीत ढिलाई झाली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. हे मला कारकुनाकडून कळलं. मी राजीनामा दिला तेव्हा त्यांनी तो वाचला, सही केली आणि पुढचा कागद ओढला.

रेश्माला फोन करायला मला तीन दिवस लागले. ती तेव्हा बेळगावला एका दवाखान्यात लागली होती. मी सगळं सांगितलं. तोंड उघडतं ते मी बघितलंच नव्हतं, दोन बोटं मी मनानं सांगितली होती, तेही.



“आता किती उघडतंय?” तिनं विचारलं.

“काहीच नाही. डॉक्टर भूल देऊन उघडणार आहेत.”

“भूल देऊन उघडतील, पण लगेच व्यायाम नाही केला तर आठवड्यात परत मिटेल. तिथं आहे कोण करून घ्यायला?”

“कुणी नाही.”

“रविवारी येते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती चौदा रविवार आली. बेळगावहून पहाटेची गाडी पकडून. अक्काताईंना हॉस्पिटलच्या धर्मशाळेत ठेवलं होतं. मी तेव्हा नोकरीत नव्हते, पण मी जायचे. मला मंगलबरोबर आळीपाळीनं रोजचे व्यायाम करून घ्यायचे होते. रेश्मा मला लागेल तेवढंच बोलायची. डोकं धर. खांदा दाब. सोडू नको. भुलीत ताणलेल्या जबड्यात लाकडाची पाचर फिरवताना अक्काताई जनावरासारख्या ओरडायच्या, आणि मी त्यांचं डोकं माझ्या छातीशी आवळून धरायचे. शेवटच्या रविवारी दीड बोट जायला लागलं. रेश्मानं सामान भरलं, अक्काताईंना जवळ घेतलं, मंगलच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याजवळून जाताना ती थांबली. मला वाटलं काही बोलेल. “रोज करून घे,” ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर आमची भेट नाही.

अक्काताई त्यापुढे नऊ वर्षं जगल्या. दूधभाकरी कुस्करून खाऊ शकत होत्या, तेवढं वजनही भरलं. शाळेत परत घेतलं नाही. दर संक्रांतीला त्यांचा फोन यायचा. त्यांचं बोलणं मला हळूहळू कळायला लागलं होतं. भेटायला येणाऱ्याला त्या माझ्याबद्दल सांगायच्या, हे मला माहीत होतं. एकदा मी ठरवून गेले, की आज सांगायचं. त्यांनी शेजारणींना बोलावून मला मध्ये बसवलं, आणि मी शेंगदाण्याची पोळी खाऊन परत आले.

दोन हजार सतराच्या डिसेंबरात मंगलचा फोन आला. तिचं तेव्हा लग्न होऊन दोन मुलं झाली होती. “आई गेली, मॅडम. न्युमोनिया झाला. तिनं सांगून ठेवलं हुतं, तुमाला पैलं कळवा म्हनून.”

तिसऱ्या दिवशी सावडायला मी गेले. ओढ्याकाठी शंभरेक माणसं जमली होती. अक्काताईंचे यजमान मुंडासं गुंडाळून खाली मान घालून बसले होते. मला बघून बायकांनी वाट करून दिली. मंगलनं मला घरच्या माणसांत बसवलं आणि एका म्हाताऱ्या आत्याला म्हणाली, “ह्याच त्या. आईला दवाखान्यानं सोडून दिली हुती. ह्या घरी येऊन वडून घेऊन गेल्या म्हनून नऊ वर्सं मिळाली.” आत्याबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली.

रक्षा भरून झाली. मग गावाकडच्या रिवाजाप्रमाणे एकेकानं उठून श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायला सुरुवात केली. सरपंच बोलले. शाळेचे निवृत्त हेडमास्तर बोलले, आणि बोलता बोलता रडले. मग सरपंचांनी माझ्याकडे हात केला. “मॅडमांनी बोलावं. अक्काताईंचा लई जीव हुता त्यांच्यावर.”

मी उठले. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. यजमानांनी मान वर केली होती. मे महिना, कार्ड, खोलीतला पंखा, दोन पेनं, सगळं माझ्या जिभेवर होतं. तीन-चार वाक्यांचं काम होतं.

“अक्काताई फार धीराच्या होत्या,” मी म्हणाले. “त्यांनी कधी कुणाला दोष दिला नाही.”

लोकांनी माना हलवल्या. मी खाली बसले. मंगल रडत होती. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरून ठेवला. सगळे उठेपर्यंत तिनं तो सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.